फटाफटबाईंची दुसरी नळी

आमच्या इस्पितळाच्या तळघरात जनुकं वाचायची प्रयोगशाळा आहे. तिथे नमुने नोंदवून घ्यायचं काम मी करतो आणि गेली सतरा वर्षं माझं टेबल फटाफटबाईंच्या दारासमोर आहे. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. खरं नाव अर्थातच वेगळं, पण पगारपत्रक सोडलं तर ते कुठे वापरलं जात नाही. इतर लोक हातमोजे चढवतात तेवढ्यात यांच्या चार नळ्या तयार. त्यांचा नवरा एकदा मला म्हणाला होता, "ही चहासुद्धा उकळायच्या आत गाळते." मी हसलो नाही, कारण तो चहा मी प्यायलोय.

आमचं खालचं यंत्र जुनं, पण भरवशाचं. त्याला जनुकांचे बारीक तुकडे करून द्यायचे, मग ते एकेक तुकडा वाचतं आणि कुठे एखादं अक्षर चुकलं असेल तर नेमकं पकडतं. त्याच्या अहवालावर मोठे डॉक्टर सही करतात आणि त्यावर उपचार ठरतात. वर तिसऱ्या मजल्यावर, संशोधन विभागात नवं यंत्र आलं होतं. ते लांबच लांब धागा सलग वाचतं, त्यामुळे अख्खा परिच्छेद उलटा लागला असला तरी त्याला दिसतो. पण त्याचे निष्कर्ष अभ्यासापुरते. रुग्णाच्या हातात द्यायची परवानगी नाही. आम्ही त्याला 'वरचं लाडकं' म्हणायचो. रुग्णांसाठीही असलं यंत्र घ्यावं का, यावर समितीत सहा महिने काथ्याकूट चालला होता.

त्यातच ती शिवणकाम करणारी बाई आली. तिची अडीच वर्षांची मुलगी आदल्या वर्षी गेली होती. आधी पाय लुळे पडले, मग मान, मग श्वास. आमच्या यंत्राने तिचा नमुना दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा काही सापडलं नव्हतं. आता बाई पुन्हा गरोदर होती, चौदावा आठवडा लागला होता. तिला एकच विचारायचं होतं, हेच दुखणं या बाळालाही होणार का? अडीच आठवड्यांनी गर्भाशयातलं पाणी काढून तपासता आलं असतं, पण त्यात शोधायचं काय, हे आधी कळायला हवं होतं. आईबापाचं रक्त हवं तेवढं मिळालं असतं. पण त्यांना आजार नव्हता. नेमकं काय बिघडलं होतं, हे फक्त त्या मुलीच्या रक्तातून कळणार होतं आणि त्या रक्ताच्या दोनच नळ्या आमच्या फ्रीजरमध्ये उरल्या होत्या.

मोठे डॉक्टर म्हणाले, "वर दिलं आणि काही निघालं, तरी मी ते कागदावर कसं लिहून देऊ?"

"आपल्या यंत्राने दोनदा वाचलंय," फटाफटबाई म्हणाल्या. "तेच तिसऱ्यांदा वाचून वेगळं काय दिसणार? शोध वर लागू दे. सापडलं, की खात्री आपण खाली करू, आईबापाच्या ताज्या रक्तावर. नळी तयार करायची जबाबदारी माझी."

लांब धागा वाचायचा तर तो अखंड हवा. बारीक टोकाच्या नळीने ओढायचा नाही, हलवायचा नाही, नळी नुसती कलती करायची. बाईंनी समोरच्या भिंतीवर 'हळू' असं लिहून चिकटवलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खरोखर हळू काम केलं. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. शेवटचं द्रावण घातलं, झाकण लावलं आणि त्यांचा हात आपोआप टेबलाच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे मुठीएवढं ढवळायचं यंत्र असतं. नळी टेकवली की घुर्र होतं आणि आतलं सगळं घुसळून निघतं. बावीस वर्षांत हा हात तिथे किती हजार वेळा गेला असेल, देव जाणे.

घुर्र. फार तर तीन सेकंद.

"तुटलं," त्या म्हणाल्या. नळीतलं पाणी मात्र आधी होतं तसंच स्वच्छ दिसत होतं.

मी उठून आत गेलो आणि दार लोटलं. "कोणाला कळतंय? तसंच वर पाठवा. वाचता नाही आलं, तर त्या यंत्रालाच नावं ठेवतील." हे मी म्हणालो, आणि मैत्रीपोटी म्हणालो, असं तेव्हा मला वाटत होतं. आज लाज वाटते.

"मग ते यंत्र कुचकामी ठरेल," त्या म्हणाल्या, "आणि दुसरी नळी पुन्हा आपल्याच यंत्रात जाईल. पोरीचं काहीच उरणार नाही."

सकाळी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चष्मा पुसत बसले. शेवटी ठरलं, की दुसरी नळी वरच्या संशोधक मुलीने करायची. पण शेवटचा नमुना वापरायला आईची परवानगी लागते. तिला बोलावलं. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर ती बसली आणि फटाफटबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

"ताई, चूक माझ्या हातून झाली. सवयीने नळी ढवळली. ती वाया गेली. आता एकच उरलीय, ती दुसरं कोणीतरी करील."

बाईने फटाफटबाईंच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हीच करा."

"अहो, पण..."

"तुमची ही चूक करून झालीय. त्यांची अजून व्हायची असेल."

दुसऱ्या दिवशी फटाफटबाईंनी ते ढवळायचं यंत्र माझ्याकडे आणून दिलं. मी ते खणात कोंडलं आणि किल्ली खिशात घालून बसलो. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. संध्याकाळी त्या स्वतः नळी हातात धरून जिन्याने वर गेल्या, लिफ्टला हिसका बसतो म्हणून.

पुढचे सहा दिवस जीव टांगणीला. फोन वाजला की दोघंही दचकायचो. सातव्या दिवशी संशोधक मुलगी धापा टाकत खाली आली. एका जनुकातला मोठा तुकडा उलटा बसला होता, आईकडून आलेल्या प्रतीतही आणि बापाकडून आलेल्या प्रतीतही. आमच्या यंत्राने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं, म्हणूनच त्याला काही चुकीचं दिसलं नव्हतं. आता नेमकं कुठे बघायचं हे कळलं होतं, म्हणून उलट्या तुकड्याचा सांधा शोधून आम्ही आईबापाच्या रक्तावर खात्री करून घेतली. दोघांचीही एकेक प्रत उलटी निघाली. मग मुदतीत गर्भाशयातलं पाणी तपासलं. बाळाची एक प्रत उलटी होती, एक सरळ. आईबापासारखीच. म्हणजे आजार होणार नव्हता.

डॉक्टरांनी सहीचा कागद दिला आणि सगळं समजावून सांगितलं. बाईने मान हलवली, पण ती उठेना. डॉक्टर गेल्यावर ती फटाफटबाईंकडे वळली.

"मोठीला हे जन्मापासूनच होतं?"

"पोटात असल्यापासून."

"कपडे पोचवायला मी तिला थंडीत बाहेर नेलं होतं. त्या रात्री तिला ताप भरला. मग पाय गेले." तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली. "त्याने नाही ना झालं?"

"नाही, ताई. त्याने नाही झालं."

"परत एकदा सांगा," ती म्हणाली.

फटाफटबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि त्यांनी परत सांगितलं.