आक्काच्या पाठीमागची जागा

आक्का गेल्याची बातमी बापूच्या फोनवरून आली, म्हणून मला ती खरीच वाटली नाही. त्या दिवशी दुपारी ग्रामसभा होती. आम्ही बाया समाजमंदिरात सतरंजीवर बसलो होतो. आक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, सकाळीच जीपने जाफराबादला गेली होती, आमच्या आरोग्य उपकेंद्राला नर्सबाईचा आठवड्यात आणखी एक दिवस मिळतो का ते विचारायला. सभेच्या आधी परत येते म्हणाली होती. तेवढ्यात माझे मालक दारात आले आणि मला खुणेने बोलावू लागले. मी उठेना तेव्हा तेच चार बायांमधून वाट काढत आत आले. म्हणाले, "आक्काच्या छातीत कळ आल्ती. बापू तिथंच होता, त्याच्या गाडीत घालून जालन्याला नेऊन राह्यला होता... राजूरच्या अलीकडंच गेली म्हणतो." मी विचारलं, "फोन कोणी केल्ता?" ते म्हणाले, "बापूनंच." मी म्हणाले, "मंग मी इथून उठत न्हाई."

बापू म्हणजे आमच्या सरपंचबाईंचा नवरा. सही बाईंची, बाकी सगळं बापूचं. मागे एका ग्रामसभेच्या दिवशी ऐन वेळेला भोंग्यावर पुकारा झाला होता की रेशनची साखर आली आहे, जल्दी या. बाया पिशव्या घेऊन पळाल्या. दुकानाला कुलूप होतं, आणि परत येईपर्यंत सभा उरकली होती. त्या दिवसापासून सभेच्या वेळी कोणीही काहीही सांगितलं तरी मी जागची हलत नसे. आक्का मेली म्हणून सांगतील, इतकंही करतील, असं मला वाटलं. मी पदर पुढे ओढून तशीच बसून राहिले. मग बाहेर गाडी थांबली, बायांचा गलका झाला. बापू गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या चुरगळलेल्या होत्या, कारण जाफराबादपासून त्यानेच तिला धरून ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तेही निरखून पाहिलं. पाणी खरं होतं.

आक्काचं नाव धुरपदा. मी लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात आधीची होती. मी चौथी शिकलेली आणि बोलायला भित्री. परका माणूस समोर आला की माझा आवाज आत जातो, अजूनही जातो. आक्का माझ्या उलट. तिला मनात काही ठेवताच येत नसे. तिचा सगळ्यांवर विश्वास, माझा कोणावर नाही. बाजारात ती भाव विचारायची आणि मी तराजूच्या खाली बघायचे. भाजीवाला एकदा चिडून म्हणाला, "बाई, तुमची ही जाऊ पोलिसात हाय का?" आक्का म्हणाली, "घेत न्हाईत तिला. साहेबावरच संशय घेईल ती."

ती ग्रामपंचायतीला उभी राहते म्हणाली तेव्हा तो संशय मी तिच्यावरही घेतला. आम्ही शेतात कापूस वेचत होतो. ती पुढच्या ओळीतून म्हणाली, "शेवंते, मी फॉर्म भरून राह्यले." मी म्हणाले, "कोणी भरायला लावला?" ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यानं. त्या उपकेंद्राच्या पायऱ्या चढते, कुलूप बघते अन् उतरते. आता गुडघा म्हणतो, एक तं कुलूप काढ, न्हाई तं पायऱ्या काढ." मी हसले, पण मनात म्हटलं, कोणीतरी असणार मागे. बाई आपल्या मनाने उभी राहते हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. उभी करतात तिला, मग बसवतात, आणि मधल्या काळात गळ्यात हार घालून फोटो काढतात. आठवडाभर मी तिच्या घरी कोण येतं, कोण जातं ते बघत होते. येणारे सगळे तिला बस म्हणून सांगायलाच येत होते. तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

आमच्या वॉर्डात अर्धी घरं आमची, धनगरांची, आणि अर्धी विहाराजवळच्या गल्लीतली, बौद्ध लोकांची. आमच्यात मताच्या आधी बेलभंडारा उचलायला लावतात. खंडोबाच्या देवळातून ताट येतं, त्यात बेलाचं पान आणि भंडारा. माणूस ती चिमूट उचलतो आणि अमक्याला मत देईन म्हणतो. मग मत पेटीत असो नाहीतर मशीनमध्ये, ते त्याच दिवशी बांधलं गेलं. शपथ मोडली तर लेकराबाळांना बाधेल, ही भीती. विहाराकडच्या गल्लीत भंडारा चालत नाही, म्हणून बापू तिथे नुसता शब्द घ्यायचा आणि मत पडेपर्यंत तळमळायचा. संशयाच्या बाबतीत तो आणि मी एकाच शाळेतले. आक्काला बायांनी सांगितलं, "आक्का, तुला द्यायचं मनात हाय, पण बापूचा भंडारा उचलून बसलो." दुसरी कोणी असती तर तिने आपलं ताट फिरवलं असतं. मीच तिला तसं म्हणाले. ती माझ्यावर चिडली. "देवाला काहून निवडणुकीत ओढायचं गं? भंडारा भाळाला लावायचा असतो. उद्या मी काम न्हाई केलं, तं या बायांनी मला पाडायचं का देवाला भ्यायचं?" ती थोड्या मतांनी निवडून आली. विहाराकडची गल्ली पूर्ण तिच्या मागे होती, आणि आमच्यातल्याही काही बायांनी भंडारा उचलून तिलाच मत दिलं असणार. कोणी ते अजून कबूल केलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

त्यानंतर आमची एक रीत पडली. सभेत आक्का पुढे बसायची आणि मी तिच्या बरोबर मागे. पुरुष बोलायला लागले की मला शंका येई. मी पदराआडून ती तिच्या कानात सांगे आणि ती उभी राहून मोठ्याने विचारे. कोणाला वाटायचं आक्का फार हुशार, कोणाला वाटायचं फार भांडखोर. आम्हा दोघींनाच माहीत होतं की प्रश्न एकीचा आणि गळा दुसरीचा. उपकेंद्राचा विषय निघाला तेव्हा बापू म्हणाला की खोली पडीक आहे, आत सापकिरडू असेल, नर्सबाई बसणार कुठे? मी आक्काच्या कानात म्हणाले, "पडीक खोलीपुढं ट्रॅक्टरच्या चाकाची ताजी खूण कशी?" आक्का उभी राहिली. "बापू, तो साप ट्रॅक्टरवर येतो का?" समाजमंदिरात एवढं हसू फुटलं की ग्रामसेवकसुद्धा खाली मान घालून हसले. मग सगळे तसेच उठून गेले आणि कुलूप काढायला लावलं. आत सोयाबीनची पोती होती, छतापर्यंत. बापू म्हणाला, पावसाचं भिजत होतं म्हणून ठेवलं, उद्याच काढतो. काढलंही. तो असाच आहे, पकडला गेला की लगेच दिलदार होतो.

खोली झाडून घेतली, पलंग आला, बुधवारी नर्सबाई येऊ लागली. पोटुशा बायांना तपासणीसाठी जाफराबादला जीपमध्ये उभ्याने जावं लागायचं, ते थांबलं. एवढंच काम. पेपरात यावं असं त्यात काही नव्हतं. पण मला तेव्हापासून एक कळलं आहे, ते लिहून ठेवते. आमदार, खासदार मोठे असतात, त्यांच्या सभेला आम्हाला ट्रकने नेतात आणि ट्रकने आणतात. त्यांच्या मागे बसून कानात काही सांगता येत नाही. वॉर्डातल्या बाईच्या मागे बसता येतं. ती खोटं बोलली तर नळावर भेटते. म्हणून लोक ज्या निवडणुकीला बारीक म्हणतात, तीच मला भारी वाटते, आणि बापूलाही तीच भारी वाटत असावी. नाहीतर त्याने एवढी ताटं कशाला फिरवली असती?

आक्काचं गोडं जेवण झालं. त्या जेवणाचा आचारी बापूने सांगितला, मंडप त्याने दिला, आणि मंडपाच्या तोंडाशी आक्काच्या फोटोचा फलक लावला. फलकावर आक्का लहान आणि बापू मोठा. लोक म्हणत होते, बापूने खूप केलं. केलंच. मी नाही म्हणत नाही. पण त्याच दिवसांत नर्सबाई एका बुधवारी आली नाही, मग पुढच्याही आली नाही, आणि उपकेंद्राची किल्ली आक्काच्या घरच्या खुंटीवरून गेलेली होती. माझ्या सुनेला सातवा महिना लागला होता. तिचे पाय सुजत होते. मी दोनदा तिला त्या पायऱ्यांवर घेऊन गेले आणि कुलूप बघून परत आणली.

मग आक्काच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली. बापूने पाराजवळ सगळा वॉर्ड बोलावला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का माझ्या गाडीत गेली. माझ्या हातावर तिनं मान टाकली. तिच्या जागेसाठी गावात भांडण लागलं तं तिच्या आत्म्याला काय वाटंल? माझी भावजय फॉर्म भरंल, दुसरं कोणी भरू नका. बिनविरोध करू. हीच आक्काला खरी श्रद्धांजली." लोकांनी माना हलवल्या. काहींनी डोळे पुसले. मला वाटलं, हे बरोबर नाही, पण कुठे बरोबर नाही ते मला सापडेना, कारण त्याने तिला खरंच धरलं होतं. खऱ्या गोष्टीत गुंडाळून आलेला डाव ओळखायला फार जड जातो.

ताट फिरू लागलं. पुरुषांनी भंडारा उचलला. माझ्या मालकांनीही उचलला, माझ्याकडे न बघता. बायांच्या बाजूला ताट वळलं. माझ्याशेजारी शोभा बसली होती, विहाराकडच्या गल्लीतली, बचत गटाचं काम बघणारी. आक्काला ती काकू म्हणायची, मलाही काकूच म्हणते. ताट जवळ येत होतं आणि मी सवयीने तिच्या कानाशी वाकले. म्हणाले, "दवाखान्याची किल्ली कोणाकडं हाय, इचार बरं." शोभा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, सून तुमची. तुम्हीच इचारा ना."

मला तिचा राग आला. कानात सांगितलेलं मोठ्याने विचारायला एवढं काय लागतं? पण ताट माझ्यापुढे आलं होतं, आणि धरणारा माझ्या हाताची वाट बघत होता. मी हात पदरातच ठेवला. कसा आवाज निघाला मला माहीत नाही. चिरका निघाला असावा, कारण पाठीमागचं एक पोर हसलं. मी म्हणाले, "बापू, उपकेंद्राची किल्ली कोणाकडं हाय?"

सगळे वळून बघायला लागले. बापूही चमकला, मग हसला. "घ्या! धाकल्या वहिनीला वाचा फुटली. वहिनी, किल्ली माझ्याच घरी हाय. सांभाळून ठेवली बराबर."

"आत काय हाय?"

"आत काय असणार? पलंग हाय."

"मंग आत्ताच उघडून दाखवा."

बापूने ताट धरणाऱ्याला पुढे सरकायची खूण केली. मालक मला "बस की" म्हणाले, पण मी तर बसलेलीच होते. बसूनच मी म्हणाले, "आक्कानं कोणाला भंडारा उचलायला लावला न्हाई. तिच्या नावानं मीही उचलत न्हाई. ज्याला फॉर्म भरायचा त्यानं भरावा. मत मी आत जाऊन देईन, अन् कोणाला दिलं ते मालकालाही सांगणार न्हाई." माझ्या पलीकडची म्हातारी ताट बघत होती. तिने हात मागे घेतला. मग तिच्या पलीकडचीनेही घेतला. धरणारा ताट घेऊन देवळाकडे परत गेला.

किल्ली आली. आत पोती होती, पण छतापर्यंत नव्हती, पलंगाएवढीच. बापू म्हणाला, दोन दिवसांसाठी ठेवलेली. पोती निघाली. आता फॉर्म दोन आहेत, बापूच्या भावजयीचा आणि शोभाचा. मत अजून पडायचं आहे. शोभा निवडून येईल की नाही मला माहीत नाही, आणि आली तर कशी निघेल तेही माहीत नाही. मी तिच्या मागे बसणार आहे आणि डोळे उघडे ठेवणार आहे, तसं तिला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "बसा काकू, पण बोलायचं तुम्हीच."

काल बुधवार होता. नर्सबाई आली. माझ्या सुनेला तिने पलंगावर निजवून तपासलं, पायाची सूज बोटाने दाबून बघितली, मिठाचं सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आक्का बुधवारी कधी आत यायची नाही, ती उंबऱ्यावर बसून राहायची. शेवटची बाई आत जाईपर्यंत नर्सबाईला त्या दारातून बाहेर पडायची सोय नसे, आणि आक्का तिच्याशी हवापाण्याचं बोलत राहायची, म्हणून ते भांडणही वाटत नसे. काल ऊन चढलं तसं नर्सबाईने सामान आवरलं. बॅगेची चेन ओढता ओढता तिने दाराकडे पाहिलं, खाली, उंबऱ्याकडे. तिथे कोणी नव्हतं. बाहेर विहाराकडची एक पोटुशी बाई धापा टाकत पायऱ्या चढत होती. नर्सबाईने चेन पुन्हा मागे ओढली, बॅग पलंगावर ठेवली आणि म्हणाली, "या, या आत."

तिने ते आक्कासाठी केलं की मी भिंतीपाशी उभी राहून बघत होते म्हणून केलं, याचा मला अजून संशय आहे... पुढच्या बुधवारी मी घरीच थांबेन, सुनेला एकटीला पाठवीन, आणि नर्सबाई शेवटच्या बाईपर्यंत थांबली का ते तिला विचारीन.