दोराबाहेरचा अध्यक्ष

माझ्या अध्यक्षपदाच्या एकमेव वर्षी गावदेवाची पूजा अत्यंत शिस्तीत पार पडली, असं मी ऐकून आहे.

ऐकूनच आहे, कारण मी तिथे नव्हतो. म्हणजे, डोकं होतं. बाकीचा मी नव्हतो! पण असं सांगून कुणाला काही कळायचं नाही, तेव्हा आधी गाव बांधणं म्हणजे काय ते सांगतो. कैनाडजवळच्या आमच्या पाड्यात पेरणीच्या आधी गावदेव पुजतात. त्या दिवशी सकाळी आमचा रावजी भगत तांदूळ टाकत शिवेवरून फिरतो आणि गावात येणाऱ्या रस्त्यावर आंब्याच्या पानांचा दोर आडवा बांधतो. दोर बांधला की गाव बांधला. मग सूर्य बुडून दोर सुटेपर्यंत आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही आणि त्या दिवशी शिजलेलं एक शीतसुद्धा शिवेपलीकडे जात नाही. वर्षभराची रोगराई बाहेर राहावी म्हणून ही व्यवस्था. (त्या वर्षी रोगराईला सोबत मिळाली.)

गोष्ट नोटाबंदीच्या आदल्या वर्षाची. मी डहाणू ते कैनाड इको गाडी चालवतो. आठ जणांच्या गाडीत चौदा जण बसवणारा माणूस गावालाही एकत्र बसवील, अशा विचाराने लोकांनी मला पूजेच्या कमिटीचा अध्यक्ष केलं. गावाला एकत्र बसवायची गरजही होती. खालच्या आळीतली काही घरं चर्चमध्ये जाऊ लागली होती आणि त्यात माझा सख्खा थोरला भाऊ लक्ष्मणदादा होता. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं! गावदेवाच्या दिवशी ही घरं पहाटेच उठून बाहेर जायची. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं आणि कुणी थांबाही म्हटलं नव्हतं. बघता बघता दादाचं आणि माझं एकमेकांच्या घरी जेवणं बंद झालं. चहा चालायचा. जेवायची वेळ झाली की मात्र दोघांनाही काहीतरी काम आठवायचं.

हे सगळं आमची आये बघत होती. आयेचं वय झालेलं, वर साखरेचं दुखणं. मी अध्यक्ष झाल्याचं सांगायला गेलो तर ती म्हणाली, "बरा झाला. आता गावदेवाला माझी दोनी पोरं एका पंगतीत जेवली पायजेत. नाय जेवली तं मी पण जेवाची नाय."

"अगं, पण आये, तुझी गोळी असते..."

"गोळी घेईन ना. जेवाची नाय."

झालं! अध्यक्षाला पहिल्याच दिवशी उपोषणाचा इशारा!

दादाकडे गेलो. तो म्हणाला, "माझी ना नाय. पन फादरला विचारल्याशिवाय मी बसाचा नाय. आनि देवाला दाखवलेला मी खायाचा नाय, ते आधीच सांगतो."

मग मीटिंगा सुरू झाल्या. वरची आळी म्हणाली, देवाला दाखवलेलं खात नाहीत तर पंगतीला कशाला? खालची आळी म्हणाली, पंगतीला बोलवायचं तर जेवण देवाला दाखवता कशाला? मी मधे उभा राहून "सरका, सरका, थोडं थोडं सरका" म्हणत होतो. (सवय!) महिनाभर मीटिंगा झाल्या. पिंपभर चहा संपला. प्रश्न जागचा हलला नाही.

ज्या अध्यक्षाला प्रश्न सुटत नाही तो शिस्त आणतो. मीही आणली. आदल्या वर्षी कुणाच्या ना कुणाच्या पाहुण्यासाठी, ताडीसाठी, बिडीसाठी दोर सारखा वर होत होता. मी शिट्ट्या विकत आणल्या. शिवेवर आजवर फक्त पुरुष उभे राहायचे, मी बायकांनाही उभं केलं. आणि शेवटच्या मीटिंगमध्ये पाटावर चढून गरजलो, "दोर बांधल्यावर भले कुणी येवो! मामलेदार येवो! अरे, उद्या हा अध्यक्ष आला तरी सोडायचा नाय!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या बायकोने वाजवल्या. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

शिट्ट्या वाटण्याच्या नादात फादरांना विचारायचं राहून गेलं. पूजेच्या दिवशी उजाडण्याआधी मी गाडी काढली आणि आतल्या रस्त्याने वेवजीकडच्या चर्चवर गेलो. दोर बांधायच्या आत परत येऊ, असा हिशेब. आवारात एक म्हातारे गुजराती काका झाडू मारत होते.

"काका, फादर?"

"फादर तो नीकळी गया. सवारे वहेला."

"कुठं गेले?"

"कैनाड! तमारे त्यां!"

फादर पहाटेच हायवेने आमच्याच गावात गेले होते. दादाने आपण होऊन त्यांना निरोप पाठवला होता आणि फादर नुसतं उत्तर न पाठवता मोटारसायकल घेऊन स्वतः निघाले होते! मला फोन केला असेल म्हणाल, तर आमच्या पाड्यात रेंज फक्त देवाच्या माळावर येते आणि तिथे दादा कशाला जाईल?

मी गाडी वळवली. वाटेत तलासरीच्या नाक्यावर माणसं उभी. रिकामी गाडी नेणं आमच्या धंद्यात पाप. घेतली. एकाला चारोटीला उतरवलं, एका म्हातारीची कोंबड्यांची पाटी गंजाडच्या फाट्यावर उतरवली, तिने सुट्ट्यासाठी घोळ घातला. शिवेवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं, दोर बांधलेला होता आणि दोरापाशी माझी बायको सुमन तोंडात शिट्टी धरून उभी होती.

"सुमन, दोर उचल."

फुर्रर्र!

"अगं, मी हाय!"

"दिसतंय ना. म्हनून तं वाजवली."

"फादर आत हायेत का?"

"हायेत. दोर बांधाच्या आधी आले. त्यांना बघून खालची आळी पन थांबली. आता सारे अडकले संध्याकाळपरेंत. तुमचाच नियम."

म्हणजे बघा! ज्यांना गावात कसं आणावं म्हणून महिनाभर मीटिंगा घेतल्या ते सगळे आत, आणि मीटिंगा घेणारा बाहेर! मी आवाज चढवला. "अध्यक्षाला अडवतेस?"

"अध्यक्षानीच सांगितलंय, अध्यक्ष आला तरी सोडायचा नाय. ऐकू का नको ऐकू त्यांचा?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझं एवढं तंतोतंत तिने कधी ऐकलं नव्हतं. मनातून मला अभिमान वाटला, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. मी गाडी सावलीला लावली आणि चिकूच्या वाडीमागून, ओढ्यातून वाकून वाकून आत शिरायला निघालो. काठाला हात लावला आणि डोक्यावर फुर्रर्र! वर बघतो तर साक्षात फादर! पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला आणि गळ्यात क्रुसाशेजारी मी वाटलेली शिट्टी!

"फादर, मी अध्यक्ष!"

"ओळखलं ना मी," फादर हसत म्हणाले. ते वसईकडचे, बोलणं गोड. "पण काय आहे, गाव बांधल्यावर आत सापडला त्याने काम केलंच पाहिजे, असं तुमच्या आई म्हणाल्या. मला ही बाजू दिली. तुम्ही मागे फिरा बघू."

"फादर, दादाला बसायला सांगा, एवढं तरी!"

"ते केव्हाच सांगितलं. तो कांदे कापतोय."

मी मागे फिरलो आणि रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. आतून वास येऊ लागले. सुमन येऊन जाऊन बातम्या देत होती आणि प्रत्येक बातमीगणिक मी लहान होत होतो. माझा महिनाभराचा प्रश्न आयेने चुलीपाशी उभ्या उभ्या सोडवला होता. "मोठा हंडा देवाला दाखवा," ती म्हणाली होती. "दुसरा नका दाखवू. ज्याला जो पायजे त्यातला वाढा. हंडे दोन, पंगत एक." बस्स! एवढंच! वरची आळी म्हणे एकमेकांकडे बघत राहिली की हे आपल्याला का सुचलं नाही. फादरांना कुणीतरी विचारलं, तुम्ही कुठल्या हंड्यातलं घेणार? ते म्हणाले, "आई वाढतील त्यातलं. बाकी वर आभाळातले आपापसात बघून घेतील."

दुपार कलली. देवाचा मान झाला, पंगत बसली आणि आयेने हाताची घडी घातली. "माझा एकच पोरगा बसलाय. मी नाय जेवाची." सकाळी गोळी घेतलेली आणि पोटात अन्न नाही! सुमन धावत सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आयेला घाम फुटला होता, हात थरथरत होते. मला शरम वाटली आणि भीतीही वाटली. मी ओरडलो, "दोर तोड! नियम गेला खड्ड्यात!" सुमनने दोराला हातही घातला. तेवढ्यात मागून आयेचाच आवाज आला.

"दोराला हात लावाचा नाय!"

आये दादाच्या खांद्याला धरून येत होती. मागे रावजी भगत, फादर आणि अख्खा गाव. "साऱ्या गावाचा दोर हाय तो," आये म्हणाली. "माझ्या एका पोरासाठी तोडाचा नाय. पंगत हलवा!"

आणि पंगत हलली! लोक हातात भरल्या पत्रावळी घेऊन रस्त्यावर आले. वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, जागा मिळेल तसे बसले. कोण कुठल्या हंड्यातलं खातोय ते बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटचं पान दोराला लागून दादाचं. पलीकडे धुळीत मी.

दादाने माझं पान पुढे सरकवलं. "थांब!" रावजी भगत म्हणाला. "शीत शिवेबाहेर जायाचा नाय."

मग आये म्हणाली, "काशा, डोका आत घाल."

"आणि डोकं आत गेलं तर नियम नाय मोडत?" मी विचारलं. (अजूनही अध्यक्षच!)

रावजीने विचार केला. "मानूस पायाने गावात येतो, डोक्याने नाय. आनि याचा डोका तसा पन गावात कधी नसतो."

गाव हसायला लागला. मी गुडघे टेकले, दोराखालून मान आत घातली आणि हात बाहेरच टेकवून ठेवले, कारण हातांबद्दल भगताने काही सांगितलं नव्हतं. दादाने भाताचा घास केला, रस्सा कालवला आणि माझ्या तोंडात घातला. लहानपणी आये मजुरीला जायची तेव्हा तो मला असाच भरवायचा. घास मोठा करायची त्याची सवय गेली नव्हती.

"चावून खा," दादा म्हणाला. "भाषणात गिळतोस तसा गिळू नको."

मला हसू आलं, ठसका लागला आणि रडूही आलं, तिन्ही एकदमच. समोर आयेने तिच्या पत्रावळीवर हात ठेवला आणि पहिला घास घेतला. तिचा तो घास बघून मला जे वाटलं ते सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की तिच्याइतका मोठा पुढारी मी आमच्या भागात दुसरा पाहिला नाही आणि निवडणुकीला गाडी भाड्याने देत असल्यामुळे मी पुढारी पुष्कळ पाहिले आहेत.

त्यानंतर खालच्या आळीतली घरं गावदेवाला बाहेर गेली नाहीत. दादा आमच्याकडे जेवतो, आम्ही त्याच्याकडे. गाव एकत्र आणीन असं मी वचन दिलं होतं आणि ते मी पाळलं, हे कुणाला नाकारता येणार नाही. पुढच्या वर्षीच्या मीटिंगमध्ये वरची आळी, खालची आळी, रावजी भगत, चर्चची घरं, माझी आये आणि माझी बायको, सगळ्यांनी कधी नव्हे ते एकमताने ठराव केला की मला पुन्हा अध्यक्ष करू नये.