काजवालीचा बांधलेला हात

धडधाकट, चालता हात स्वतःहून पिशवीत घालून बांधून घेणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणाल? बोला की. डोक्यावर परिणाम झालाय म्हणाल, नाहीतर नाटक करते म्हणाल. तिच्या गल्लीचं दोन्ही म्हणून झालं होतं. तुम्ही आधी ऐका, मग काय ते म्हणा.

तिला सगळे काजवाली म्हणत. कोट शिवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने एकच काम केलं, हाताने काजं करायचं. बटण ज्या चिरेतून जातं तिच्या कडेकडेने रेशमी दोऱ्याचे टाके, एकाला एक चिकटून, शेजारच्यापेक्षा केसभरही उंच नाही. मशीनचं काज आणि तिचं काज डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला तरी कळे. नव्या पोरी तिच्याकडे शिकायला येत आणि पहिल्याच आठवड्यात डोळे पुसत घरी जात, कारण टाका वाकडा दिसला की ही बया एक शब्द न बोलता अख्खं काज उसवून परत हातात ठेवायची.

त्या कारखान्यात एक कायदा होता. कापड कमी पडलं तर जोड द्यायचा, पण जोड दिसता कामा नये. कॉलरच्या पोटात, बाहीच्या आत, कुठेही लपवा, पण गिऱ्हाईकाला वास लागता कामा नये. जोड लपवण्यात काजवालीचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याच कसबाने तिचा घात केला.

एका सकाळी काम करताना तिच्या उजव्या हातातून सुई पडली. ती उचलायला वाकली आणि उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. इस्पितळात वीस दिवस काढले. सगळ्यात आधी जीभ परत आली, याचं घरात कोणालाच नवल वाटलं नाही. मग पाय आला, थोडा फरफटत, काठीच्या आधाराने. उजवा हात मात्र आला नाही. कोपरात दुमडलेला, मूठ अर्धी मिटलेली, मांडीवर येऊन बसायचा, जसा काही परक्या घरचा पाहुणा.

घरी ती आणि सून. मुलगा ट्रकवर, आठवड्यातून एकदा तोंड दाखवणार. सुनेने सासूला लहान बाळासारखं केलं. घास भरवला, केस विंचरले, सदऱ्याची बटणं लावली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बटणांची सोय केलेल्या बाईची बटणं दुसऱ्याने लावायची? काजवालीचं डोकं फिरलं. तिने डाव्या हाताला कामाला जुंपलं. डबा गुडघ्यांत दाबून डाव्याने झाकण काढायचं. बटण दातांत धरून डाव्याने काजात ढकलायचं. महिन्याभरात ती सगळं एकट्या डाव्याने करू लागली. बघायला येणारे तोंडभरून कौतुक करत. उजव्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, तिचंही नाही.

लक्ष होतं ते इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंचं. वयाने सुनेएवढ्याच, पण नजर काजवालीसारखीच खडूस. आठवड्यातून दोनदा तळमजल्यावरच्या खोलीत त्या तिला बोलवत. टेबलावर एक उभा आरसा. आरशामागे उजवा हात, पुढे डावा. डावा उघडायचा, मिटायचा, आणि बघायचं आरशात, म्हणजे उजवाच उघडतोय असं दिसतं. आरशामागच्या हातालाही त्याच वेळी तेच करायला सांगायचं. काजवालीला हा पोरखेळ वाटला आणि तसं तिने बोलूनही दाखवलं. पण पाचव्या आठवड्यात आरशामागे काहीतरी हललं. उजवा अंगठा, गव्हाच्या दाण्याएवढा सरकला.

तेव्हा बाईंनी तिला एक गोष्ट सांगितली, जी ती पुढे सगळ्यांना ऐकवत राहिली.

"मावशी, हात मेलेला नाही. मेंदूने त्याला हाक मारणं सोडलंय. आणि मारणार तरी कधी? हाक मारायच्या आधीच तुमचा डावा धावत येतो."

काजवालीने मान डोलावली, घरी गेली आणि डाव्यानेच चहा ढवळला. सवय हो.

दोन महिन्यांनी तपासणी आली. व्यायाम पुढे चालू ठेवायचा की फाइल बंद करायची हे पहिल्या मजल्यावरचे साहेब ठरवत. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचीच जास्त चीड येते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांच्या समोर एक छापील कागद होता. पेला उचलता येतो का? बटण लावता येतं का? केस विंचरता येतात का? कोणत्या हाताने, हा प्रश्न कागदावर कुठेच नव्हता. छापणाऱ्याला दोन हात असणार, त्याला कशाला सुचेल?

आणि काजवाली? परक्या माणसासमोर आपली उणीव दिसू देईल ती काजवाली कसली. पेला उचलला, केस विंचरले, बटण असं लावलं की साहेब बघतच राहिले. उजवा हात तिने ओढणीखाली घेतला होता. साहेबांनी शाबासकी दिली आणि "स्वावलंबी" असा शिक्का मारला. ती जिना उतरली ती बक्षीस मिळाल्यासारखी.

खाली बाईंनी कागद वाचला. घडी करून सोबत आलेल्या सुनेच्या हातात दिला. मग म्हणाल्या की फाइल बंद झाली, उद्यापासून यायचं नाही. स्वावलंबी माणसाला व्यायाम कशाला?

काजवालीने आधी साहेबांचा उद्धार केला, मग कागदाचा, मग तो छापणाऱ्याचा. सगळं झाल्यावर ती बाकावर बसली आणि सुनेला हळूच म्हणाली, "मीच जोड लपवला गं."

तिथेच ती रडली असती तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणीच नव्हतं, जाळ होता. फेरतपासणी मागता येते का, असं तिने विचारलं. येते, महिन्याच्या आत, एकदाच. अर्ज तिथल्या तिथे सुनेकडून लिहून घेतला आणि खाली उजव्या अंगठ्याचा ठसा दिला. सही डाव्याने येत असूनही.

मग बाईंनी निघण्याआधी दोघींना समोर बसवून घरचा अभ्यास दिला. चांगला हात रोज सहा तास पिशवीत. जिन्यावर आणि शेगडीजवळ काढायची, पडझड नको, भाजणं नको. बाकी वेळ जे काही करायचं ते उजव्याने. एक छोटं काम घ्यायचं आणि ते शेकडो वेळा करायचं, जमेल तेवढंच, पण करायचं. हात पूर्ण परत येईल असं वचन बाईंनी दिलं नाही. इतकंच म्हणाल्या की जो हात थोडासा हलतो, त्याला अजून मागता येतं.

पिशवी सुनेने कोटाच्या उरलेल्या कापडाची शिवली. मनगटावर पट्टी, पट्टीला एक मोठं बटण. काज बघून सासूचा चेहरा कडू झाला. असल्या काजातून बटण नव्हे, बैल निघेल, असं म्हणाली. सून म्हणाली, आई, तुमच्या उजव्याला सध्या बैलाएवढंच दार लागणार आहे. सासू हसली. त्या घरात कित्येक दिवसांनी कोणी हसलं होतं.

मग सुरू झालं. एका डब्यात बटणं, शेजारी रिकामा डबा. उजव्या हाताने एक बटण उचलायचं आणि रिकाम्या डब्यात टाकायचं. पहिल्या दिवशी सहा तासांत चार. चमचा तोंडापर्यंत जाईतो रिकामा. पाण्याचा पेला कलंडला, ओली झाली, शिव्या दिल्या, पुन्हा पेला भरायला लावला. शेजारीण दारातून म्हणाली की म्हातारीचा काय छळ मांडलाय. काजवाली आतून म्हणाली की छळ माझा आहे, परवानगी मीच दिली आहे, तू तुझ्या घरचा बघ.

खरा छळ सुनेचा होता. समोर माणूस एका बटणासाठी पाच मिनिटं झगडतोय आणि आपले दोन्ही हात मोकळे. तिचे हात आपोआप पुढे जात. काजवाली गुरकावे, "हात मागे." शेवटी पोरीने उपाय काढला. ती स्वतःच्या हातांवरच बसू लागली. सासूचा डावा पिशवीत, सुनेचे दोन्ही मांडीखाली, आणि त्या घरात काम करणारा एकच हात, जो कोणाच्या हिशेबात नव्हता.

फेरतपासणीला जिना चढून झाल्यावर तिने सुनेकडून पिशवी बांधून घेतली आणि मगच आत गेली. साहेबांनी ओळखलं, हसले, आणि ते हातावरचं काढून ठेवा म्हणाले.

"काढते," काजवाली म्हणाली. "उजव्याने."

तिने दुमडलेला हात टेबलावर आणला. अंगठा मनगटावरच्या बटणाच्या कडेला टेकला. निसटला. पुन्हा टेकला. खांद्यापासून हात थरथरत होता, कपाळावर घाम. साहेब मदतीला अर्धे उठले तशी सून मागून शांतपणे म्हणाली, साहेब, बसा, आम्ही रोज बसतो. ते बसले. बाहेर रांग वाढत होती. पाच मिनिटं झाली. सात. बटणाची एक कड काजात शिरली आणि तिथेच अडकली. सुनेचं ते बैलाएवढं दारही पुरलं नाही.

काजवालीने मान वर केली.

"कोट कसा झालाय ते वरून कळत नाही, साहेब. आम्ही उलटा करून बघतो. मागच्या वेळी मी तुम्हाला वरची बाजू दाखवली, चूक माझी. ही आतली. आता लिहा, काय दिसतंय ते."

साहेबांनी कागद पुढे ओढला. बटण लावता-काढता येतं का, यापुढे थोडं थांबून पेनने लिहिलं: डाव्या हाताने येते. उजव्याने नाही, पण हालचाल आहे, सुधारणेस वाव. मग प्रत्येक प्रश्नापुढे त्यांनी दोन्ही हात वेगवेगळे लिहिले. शिक्का मारलाच नाही. फाइल पुन्हा उघडली, आणखी बारा आठवडे.

त्याला आता वर्ष झालं. हात पहिल्यासारखा झालेला नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू? बोटं अजून थंडीत आखडतात. पण कारखान्यात तिचं स्टूल तिचंच आहे. दिवसाला ती उजव्याने तीन काजं करते. त्यातली दोन स्वतःच उसवते. नव्या पोरी अजूनही रडतात.

तुमच्या घरात, शेजारात असा एखादा हात मांडीवर पाहुणा होऊन बसला असेल. तो माणूस एका बटणाशी झगडत असेल आणि तुमचा जीव तुटत असेल. माझं एक ऐका. पुढे धावू नका. त्याच्यासमोर बसा, आपले दोन्ही हात मांडीखाली घ्या, आणि तो म्हणेपर्यंत बाहेर काढू नका.