अजगराच्या मानेवरचा गोचीड

नातीनं शहागंजातल्या एका दुकानदाराकडून अजगर आणला. आफ्रिकेतला बॉल पायथन. मनगटाएवढा जाड, हात लावला की चेंडूसारखा गोळा व्हायचा.

"आज्जे, भिऊ नको. हा पुण्यात एकाच्या घरी अंड्यातून निघालाय. जंगल ठाऊकच नाय त्याला. दुकानदार तशी कागदं देणारे."

"व्हय का? अंड्यातून निघाला तेव्हाच एवढा होता?"

ती रुसली. मला हसायचा हक्क होता, कारण घरातली पहिली भोळी मीच. नवी नवरी असताना करमाडला नागपंचमीला गारुडी दारात आला. "टोपलीतच जन्मलाय, माय." नाग माझ्या हातचं वाटीभर दूध प्याला आणि मी गल्लीभर मिरवत सुटले, देव मलाच पावला म्हणून! त्याच्या ओठाच्या कडेला शिवल्याचा काळा दोरा दिसत होता. मी शहाणीनं त्यालाही हळदकुंकू लावलं. किती दिवस तहानलेला ठेवला होता, कोण जाणे. दोन दिवसांनी तोच नाग उकिरड्यावर मरून पडलेला दिसला.

हा अजगर तर आल्यापासून काहीच खाईना. उंदीर पुढं ठेवला की तोंड फिरवी. नात मोबाईलवर वाचून कधी त्याच्या उबेचा दिवा बदली, कधी पाणी. एका दुपारी मी चष्मा लावून त्याच्या काचेच्या पेटीपाशी बसले. मानेजवळ, खवल्याखाली, एक करडा दाणा. निम्मा जन्म म्हशींच्या कानातून असले दाणे उपटण्यात गेलाय माझा.

"गोचीड हाय हा."

"इथंच चिकटला असंल."

"चौथ्या मजल्यावर? म्हैस कुठं बांधलीस गं? जंगलातून धरून आणलाय याला. सोबत्यासकट."

तिनं दुकानदाराला फोन लावला. "कागदं उद्या देतो," म्हणाला. त्या उद्यापासून त्याचा फोन बंद.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी अजगरानं मान वर ताणली, तोंड उघडलं. आत फेस. श्वासाला शिट्टीसारखा आवाज. सगळं वाचलेली माझी नात स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली.

"आज्जे, थोडं दूध पाजू का?"

मी तिचं मनगट असं धरलं की दूध फरशीवर सांडलं.

"उशीचा अभ्रा आण. जनावरांच्या डॉक्टरकडं जायचं. आत्ता."

रिक्षात अभ्रा माझ्या मांडीवर होता. नात सारखी विचारत होती, "हलतोय ना?" मी वरून हात ठेवला, हळूच दाबलं. हात लावताच गोळा होणारा तो, सरळ लांब पडून राहिला.