नातीपासून वीतभर दूर

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सतरा वर्षं चादरी पिळून अक्काचे हात राकट झाले होते. लेक चार महिन्यांची नात घेऊन दहा दिवसांसाठी येणार होती, आणि नेमका रबरी हातमोज्याच्या तोंडाशी, मनगटावर, गजकर्णाचा लाल चट्टा उठला.

साबणाच्या फळीवर एक मलमाची ट्यूब असायची. कुणी आणली देव जाणे! ज्या बाईला खाज सुटेल तिनं त्यातलंच बोटभर घ्यायचं. अक्कानंही घेतलं. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली.

"बघ, जादू!" जोडीदारीण म्हणाली. "आता खुशाल घे नातीला कडेवर."

अक्का दिवस मोजत रोज मलम चोळत राहिली. लेक आली तोवर चट्टे दोन्ही कोपरांपर्यंत चढले होते, फिकट, ओळखू न येणारे. बाळ पुढे करता करता लेक थबकली.

"आई, हे काय गं?"

"काही नाही गं. खाजतसुद्धा नाही."

"आधी डॉक्टरांकडे चल."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "मावशी, कातडीच्या पेशी म्हणजे पहारेकरी. गजकर्णाच्या बुरशीचं कवच त्या ओळखतात आणि बोंब ठोकतात. मग रक्तातल्या लढाऊ पेशी धावून येतात, म्हणून लाली. वरचा थरही भराभर झडतो, बुरशीला घेऊन. या मलमातल्या स्टेरॉइडनं पहारेकऱ्यांचं तोंडच बांधलं. चोराला रान मोकळं!"

"म्हणजे खाज बरी होती म्हणायची?"

"इमानी होती. ते मलम बंद, आता हे औषध लावा. आधी लाली वाढेल, घाबरू नका. महिनाभर बाळाला हात नको."

महिना! आणि लेकीची सुट्टी दहा दिवसांची.

चौथ्या दिवशी हात लालभडक झाले. अक्का लेकीला म्हणाली, "उठले गं माझे पहारेकरी," आणि बाळाच्या दुपट्याकडे बघत बसली. बाळ रडलं की तिचे हात आपोआप उचलले जायचे आणि मांडीवर परत पडायचे.

निघताना लेकीनं बाळ आईच्या तोंडाशी वीतभर अंतरावर धरलं. अक्का हात मागे बांधून नुसता वास घेत राहिली.

"पुढच्या खेपेला पोटभर घे," लेक म्हणाली. "तोवर चालायला लागेल बघ."

"मग मी कशाला उचलू? तीच येईल माझ्याकडे," अक्का हसून म्हणाली, आणि तोंड फिरवून दाराची कडी उगाच चाचपत राहिली.