परिस्थिती बरी नाही, असं मी सांगितलं

ट्रॅव्हल एजंटाचा फोन आला तेव्हा मी जळगावला कॉलेजच्या कार्यालयात हजेरीपट तपासत बसलो होतो.

"सर, वहिनींचा आणि नानांचा दुबईचा व्हिसा आला. तुमचा नाही होणार. तुमच्या पासपोर्टला पाचच महिने राहिलेत, सहा लागतात."

"असं कसं होईल?" मी म्हणालो. जणू चूक कॅलेंडरची होती.

मी सगळ्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स वेळेवर दिल्या होत्या. माझी तेवढी 'उद्या देतो, उद्या देतो' करत शेवटी दिली, आणि देताना तारीख पाहिली नाही. पासपोर्ट नऊ-साडेनऊ वर्षांपूर्वी हौसेनं काढलेला. कुठे गेलो नव्हतो, म्हणून तो मला अजून नवाच वाटत होता.

सहा महिन्यांचा नियम मला माहीत नव्हता म्हणावं, तर तीही सोय नाही. आठच दिवसांपूर्वी मी त्यावर भाषण ठोकलं होतं. धुळ्याला माझे सासरे राहतात, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळे त्यांना नानाच म्हणतात. त्यांच्या ज्येष्ठ मंडळींच्या कट्ट्यावर मला बोलावलं होतं. विषयही मीच सुचवलेला: अनिश्चित काळात सहलीचं नियोजन. मी प्लास्टिकचं फोल्डर घेऊन उभा राहिलो आणि बोटांवर मोजत सांगितलं. कागदपत्रांच्या प्रती दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. औषधांची चिठ्ठी जवळ बाळगा. बदलता येईल असंच तिकीट काढा. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. विम्याचा कागद सही करण्यापूर्वी वाचा. देशात जायचं असो की परदेशात, निघण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा, मध्येच अडकलो तर काय? आणि सगळ्यांत आधी पासपोर्टची मुदत बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं वहीत लिहूनही घेतलं.

त्या भाषणाचा परिणाम माझ्या अंदाजापेक्षा मोठा झाला. नाना दुबईला निघालेत हे कळल्यावर कट्ट्यानं चौकात फ्लेक्स लावला. मधोमध नाना, डोक्यावर टोपी, मागे विमान, खाली 'प्रथम विदेश प्रवासास हार्दिक शुभेच्छा' आणि शुभेच्छुक म्हणून अकरा जणांचे फोटो. कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून मी.

नानांना दुबईचं फारसं काही नव्हतं. त्यांना विमानात बसायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना नेलं, आता एकदा हात मांडीवर ठेवून खिडकीतून बघत जायचं, एवढंच ते म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरायला लागलेले. हे याच वर्षी व्हायला हवं, हे आम्ही सगळे जाणून होतो, बोलत नव्हतो.

एजंट फोनवरच पुढे म्हणाला, "निघायला दहा दिवस राहिलेत. नवीन पासपोर्ट, मग व्हिसा, हे बसत नाही. त्या दोघांना जाऊ द्या ना सर. बाप-लेक जातील. तुम्ही पुढच्या वेळी."

किती सरळ होतं. मी "बघतो" म्हणालो.

घरी येताना मला दोघं विमानात दिसत नव्हती. मला फ्लेक्स दिसत होता आणि त्याखाली उभं राहून हसणारी अकरा माणसं. घरी टीव्ही चालू होता. आखातात कुठेतरी काहीतरी पेटलं होतं आणि पडद्याखालून लाल पट्टी धावत होती. बायको मेथी निवडत होती. मी बूट काढता काढता म्हणालो, "परिस्थिती बरी नाही. रद्द करू आपण."

ती म्हणाली, "विमानं तर चालू आहेत म्हणतात."

"आज चालू आहेत. उद्या बंद पडली आणि नाना तिकडे अडकले तर? त्यांच्या गोळ्या संपल्या तर?"

तिचे हात थांबले. भाषणात ज्या प्रश्नावर मला टाळ्या मिळाल्या होत्या, तो मी तिच्यावर टाकला होता. मेथी बाजूला सारून ती म्हणाली, "नको मग. नानांच्या जिवापेक्षा काय आहे?" आणि स्वतःच फोन करून तिनं वडिलांना सांगितलं. मी फोन घेतल्यावर नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तुम्ही म्हनतस ते बराबरच शे, जवाईबापू."

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "अहो, मग देशातच कुठेतरी विमानानं नेऊ या का त्यांना? हैदराबाद वगैरे?" आता हैदराबादला पासपोर्ट लागत नाही. पण तिकिटं काढायची म्हटली की दुबईचा विषय निघणार, कोणीतरी एजंटाला विचारणार, या भीतीनं मी म्हणालो, "सध्या एकूण आकाशाचंच काही सांगता येत नाही." हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो.

नाना मात्र रोज सकाळी फोन करू लागले. "जवाईबापू, आते तिकडे कसं शे? बठ्ठं थंड व्हयनं का?"

"अजून सगळं थंड नाही झालं, नाना."

"बरं, बरं. काय घाई नही."

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी बाथरूममध्ये असल्याचं दाखवून त्यांचा फोन उचलेनासा झालो.

मग त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मी धुळ्याला गेलो. दवाखान्यातून परतताना चहाला जाऊ म्हणाले. टपरी चौकापलीकडेच, पण नाना मला मागच्या गल्लीतून, शाळेला वळसा घालून घेऊन गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी. मी विचारलं, "इकडून का?" ते म्हणाले, "तिकडे उन शे." ऊन सगळीकडेच होतं. टपरीवर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो टाळायला हा माणूस रोज एवढा चालतोय.

बाकावर कट्ट्यावरचे दोघं बसले होते. त्यांतला एक, नानांचा जुना कंडक्टर, म्हणाला, "नाना, आमच्या गल्लीतला पोरगा कालच आला दुबईहून. म्हणतो, मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तुम्हीच कसे घाबरले?"

नानांनी बशी खाली ठेवली. "आमना जवाईबापू बठ्ठं देखीसन बोलतस. तेस्ले आपलापेक्षा जास्त माहीत शे."

कंडक्टरनं बिस्कीट चहात बुडवलं. मी विषय तिथेच सोडू शकलो असतो. पण नाना माझी बाजू घेऊन मान ताठ करून बसले होते, आणि ती ताठ मान मला बघवेना.

"नाना, परिस्थितीला काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. मी पाहिलीच नव्हती. सांगायची लाज वाटली."

टपरीवाल्यानंही स्टोव्ह बारीक केला. मग कंडक्टर हळूच म्हणाला, "म्हणजे गाडी ठीक, पॅसेंजर ठीक, ड्रायव्हरचंच लायसन संपलेलं." दुसरा हसला. मीही हसायचा प्रयत्न केला. नाना हसले नाहीत.

"पोरगीना व्हिसा व्हता?" त्यांनी विचारलं.

"होता."

"आन् मना?"

"होता, नाना."

त्यांनी उरलेला चहा सावकाश संपवला. "पोरगीले तुम्हीच सांगा," एवढं म्हणून उठले. परत येताना ते पुढे आणि मी मागे. ते मला एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर मला जेवण गेलं असतं.

जळगावला पोचेपर्यंत मी काय बोलायचं याची तीन वाक्यं तयार केली होती. दारातच तिन्ही विसरलो आणि जसं होतं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आत जाऊन एजंटाला स्वतः फोन लावला. दोन्ही व्हिसांची मुदत शिल्लक होती. पुढच्या आठवड्याची दोन तिकिटं तिनंच ठरवली. मी फोल्डर पुढे केलं, तर म्हणाली, "राहू द्या. कागद मी बघते."

मुंबईला विमानतळावर सोडायला गेलो. काचेपलीकडे नाना एकदा वळले आणि त्यांनी हात केला, मला की मागच्या कुणाला, कळलं नाही. खिडकीची जागा मिळाली, आणि उतरेपर्यंत त्यांनी डोळा मिटला नाही, हे मला तिच्या मेसेजवरून कळलं. त्या आठ दिवसांत मी नवीन पासपोर्टचा अर्ज भरला आणि खिचडी खाल्ली.

परत आल्यावर ती बॅग उघडून कपडे वेगळे करत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "अजून रागावली आहेस?"

ती कपड्यांतून वर न बघता म्हणाली, "पासपोर्टचं विसरलात, त्याचं काही नाही. माणूस विसरतो. लोक हसतील म्हणून खोटं बोललात, तेही मी समजू शकते. पण त्या दिवशी नाना अडकले तर, गोळ्या संपल्या तर, असं म्हणालात ना, त्या रात्री मी झोपले नव्हते. माझ्या वडिलांच्या जिवाची भीती मला पुन्हा घालू नका. नानांना तुमचं ते बोलणं मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आता असे उभे राहू नका, ही धुण्याची पिशवी घ्या इकडून."