कांदा गटावरचा मासा

"तीनशे बाप्यांनी बघितलं," साखरबाई पीठ मळता मळता म्हणाली. "चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई हिनं."

"अंगभर कपडे होते, आत्याबाई," सून अनिता म्हणाली. "गळ्यापासून घोट्यापर्यंत."

"अंगभर व्हते. पर अंग झाकलं कुठं?"

दीर रविराज हसला. "म्हणून म्हणतोय, आबा. दुकान माझ्याकडं द्या."

अनिताचा नवरा वारला तेव्हा शिरूरच्या या दुकानात, कृषी सेवा केंद्रात, उंदीर फिरत होते. सहा वर्षांत तिनं ते असं उभं केलं की यंदा बियाणं कंपनीनं इतर विक्रेत्यांबरोबर तिलाही थायलंडच्या सहलीला नेलं. तिथं अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालून, पाठीवर हवेची टाकी बांधून ती पोहणं शिकवणाऱ्याबरोबर समुद्रात उतरली. तळाच्या वाळूवर म्हाकुळाच्या जातीचा, तोंडाशी सोंडा असलेला, मूठभर आकाराचा एक जीव पोहायचं सोडून चालत निघाला होता. जांभळा, पिवळा, अंगावरून पांढरे पट्टे सरसर धावत होते. तिनं बोट पुढं केलं तसा शिकवणाऱ्यानं तिचा हात धरून मागं ओढला. मांस विषारी असतं त्याचं, हे नावेत आल्यावर कळलं. खाली मात्र दहा मिनिटं तिला कुणी काही विचारत नव्हतं, ती नुसती बघत राहिली.

चूक तिचीच. पाण्याखाली काढलेला तिचा व्हिडिओ बहिणीला पाठवायचा, तो गेला व्हॉट्सअॅपवरच्या दुकानाच्या तीनशे जणांच्या कांदा सल्ला गटावर. तिथं शेतकरी किडींचे फोटो टाकतात. वढूच्या सावळारामनं लगेच विचारलं, "ताई, ह्या रंगीत किडीवर कुठलं औषध मारायचं?" दुसऱ्यानं तिचा हात धरलेल्या शिकवणाऱ्याच्या हाताभोवती लाल गोल काढून लिहिलं, "आधी ही कीड मारा." तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण तोंड दाबून हसत होता.

"सायली, तू तरी सांग," अनिता लेकीला म्हणाली. "काय वाईट दिसतंय त्यात?"

सायलीनं वहीतून मान वर केली नाही. "शाळेत पोरं मला मासा म्हणतात. तू कशाला गेलीस, आई?"

सासरे हौसराव इतका वेळ सुपारी कातरत होते. त्यांनी खांड तोंडात टाकलं, नीट चावलं.

"सोमवारपासनं गल्ल्यावर रविराज बसंल," ते म्हणाले. "दुकानाच्या परवान्याला तुझी शेतकीची पदवी लागती, ती तिथल्या भिंतीवर हाय तशी राहू दे. सह्यांचे कागद घरी येत्याल. त्या चुलीपाशी बसून करायच्या."